सिकलसेलच्या उपचारात एचआयव्हीपासून बनवलेला व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा वाहक) का वापरतात?

प्रश्न (शिक्षिका, आरमोरी तालुका):
माझी अकरावीतील एक विद्यार्थिनी एसएस आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेली सिकलसेलची रुग्ण. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या पाण्यात उभी राहिली की तिचे सांधे धरतात आणि मग आठवडाभर ती वर्गात दिसत नाही. एचआयव्हीपासून बनवलेल्या औषधाने सिकलसेल बरा होतो, असे ऐकून तिचे वडील काल माझ्याकडे आले. "मॅडम, एक दुखणं काढायला दुसरं अंगात घ्यायचं का?" असे त्यांनी विचारले. त्यांना खरे उत्तर द्यायचे आहे. एखादा सौम्य विषाणू का चालत नाही?

उत्तर १ (जैवतंत्रज्ञान संशोधक, मूळचा गोंदिया जिल्हा):
मॅडम, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, सिकलसेलमध्ये तर त्याहून फारच कमी; त्या सतत नव्याने घडवतात अस्थिमज्जेतील मूळपेशी, त्यामुळे हिमोग्लोबिनचे नवे, चांगले जनुक मूळपेशीच्या गुणसूत्रातच कायमचे बसावे लागते. एएव्ही हा सौम्य विषाणू जनुक आत नेतो, पण ते बहुतांशी सुटेच राहते आणि पेशी विभागत गेल्या की हरवते. जुने रेट्रोव्हायरस जनुक गुणसूत्रात बसवतात, पण पेशी विभागत असेल तेव्हाच, आणि मूळपेशी बराच काळ निवांत असतात. लेन्टिव्हायरसला ती अट नाही, आणि एचआयव्ही याच गटातला आहे. व्हेक्टर बनवताना त्याची रोगकारक जनुके काढून टाकतात, बाहेरचे आवरण दुसऱ्या विषाणूचे लावतात, म्हणून त्यातून पुन्हा एचआयव्ही तयार होत नाही. शिवाय तो शरीरात टोचत नाहीत. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांत जनुक घालून, त्या शिरेतून परत देतात.

खरी काळजी वेगळी आहे. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर १९९९ साली सुरू झालेल्या जनुक-उपचाराच्या चाचणीत जुना रेट्रोव्हायरस एलएमओ२ या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकाजवळ बसला आणि काही मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. आजचे व्हेक्टर त्या मानाने सुरक्षित आहेत. तरी अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लिफजेनिया या सिकलसेलवरच्या लेन्टिव्हायरस औषधावर रक्ताच्या कर्करोगाचा इशारा छापलेला आहे.

उत्तर २ (परिचारिका, कुरखेडा तालुका):
वडिलांना हेही सांगावे की सुधारलेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी बुसल्फानची केमोथेरपी द्यावी लागते आणि तिने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. लिफजेनियाची अमेरिकेतील किंमत ३१ लाख डॉलर आहे. आशेची गोष्ट अशी की वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात याच पद्धतीने हिमोफिलिया ए (रक्त न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच रुग्णांवर उपचार झाले आहेत. असा उपचार मिळेपर्यंत, डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचा त्रास कमी करणारे औषध दिले असेल तर ते मनाने बंद करू नये, आणि पोरीला बांधीत उतरवूच नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शिक्षिका:
असा उपचार झाला, तर तिच्या मुलांनाही ते चांगले जनुक मिळेल का?

उत्तर १:
नाही. बदल फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतो, बीजांडात नाही. तिच्या प्रत्येक अपत्याला एक सिकल जनुक जाणारच, म्हणून उपचार झाला तरी लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याची सिकलसेल तपासणी करावीच लागेल.