मदत हवी आहे: "मी म्हणजे कुठली मी?" प्रश्नावलीत अडकले आहे

नमस्कार मंडळी,

एका बँकेत एकोणीस वर्षं क्लार्क आहे आणि नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रकल्पाला विषय घेतला: बँकेतले कर्मचारी स्वतःला कसं जोखतात आणि नोकरी-घर ओढाताणीशी त्याचा काय संबंध. रोजचंच तर आहे, सोपं जाईल असं वाटलं होतं. आता सरांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

दोन प्रश्नावल्या वापरते आहे. पहिली जज आणि सहकाऱ्यांची, २००३ ची, १२ विधानांची. आत्मसन्मान, 'मला जमेल' हा विश्वास, मन स्थिर असणं आणि आपल्या आयुष्याची दोरी आपल्याच हातात आहे असं वाटणं, हे चारही ती एका आकड्यात धरते. दुसरी नेटमायर वगैरेंची, १९९६ ची. पाच विधानं नोकरीमुळे घराची होणारी अडचण मोजतात, पाच घरामुळे नोकरीची. मराठी मीच केलं, मग एका मैत्रिणीकडून ते परत इंग्रजीत करून घेऊन मूळाशी ताडून पाहिलं. जुळलं. म्हटलं, झालं काम.

पहिला फॉर्म शेजारच्या काउंटरवरच्या ताईंना दिला. त्या दिवशी कॅशमध्ये पाचशे रुपये कमी येत होते आणि कॅश जुळल्याशिवाय कोणी हलायचं नाही. साडेसहाला ताईंनीच घोळ शोधला. एका स्लिपवर २,३०० लिहिले होते, मशीनमध्ये २,८०० पडले होते. तिघांनी तासभर डोकं लावून जे दिसलं नव्हतं ते बाईंनी पाच मिनिटांत काढलं. तोवर त्यांच्या मोबाइलवर घरचे तीन मिस्ड कॉल. मग पर्स खांद्याला लावूनच त्या फॉर्म भरायला बसल्या. हाती घेतलेलं काम नीट पार पाडते, अशा अर्थाचं एक विधान आहे. तिथे पेन थांबलं.

"अगं, मी म्हणजे कुठली मी? इथली असेल तर पाच दे. घरची असेल तर परवाच पोरीच्या शाळेची मीटिंग विसरले."

आणि तीनवर टिक करून गेल्या. तो तीन ना काउंटरवरच्या ताईंचा, ना घरच्या.

दुसरा गोंधळ याहून मोठा. 'घरामुळे नोकरीची अडचण' या पाचही विधानांना बहुतेक बायका 'अजिबात नाही' म्हणतात. यातल्याच एकीने गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी माझ्याशी काउंटर बदलून घेतला होता. तिला विचारलं तर म्हणाली, "घरच्यांना अडचण कसं म्हणायचं?" शिवाय फॉर्म साहेबांच्या टेबलावर जाईल ही धास्ती आहेच, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच.

आणि पुरुष. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. उद्या पुरुषांचं स्वतःविषयीचं मत चांगलं आणि ओढाताण कमी अशी आकडेवारी आली, तर ते त्या मताचं फळ धरायचं की त्या दोनशे मिनिटांचं?

तर विचारायचंय असं: पहिल्या प्रश्नावलीत 'कामावर असताना मी' आणि 'घरी मी' असं वेगवेगळं विचारलं तर चालेल का? आणि आधी काय येतं, स्वतःविषयीचं कमी मत की ओढाताण, हे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून सांगता येतं का?

प्रतिसाद १:
मूळ १२ विधानांना हात लावू नका. माणसाचं स्वतःविषयीचं एकंदर मत पकडायलाच ती बनवली आहेत, त्यात 'कामावर' घुसवलंत की ते वेगळंच माप होतं. हवं तर 'कामावर' आणि 'घरी' अशी चार-चार विधानं शेवटी जोडा आणि त्यांचे गुण वेगळे ठेवा. ताईंचं वाक्य मात्र अहवालात जसंच्या तसं घ्या, नाव न देता. आधी काय आणि मागून काय, हे एका बैठकीच्या फॉर्मवरून सांगता येत नाही. त्यातून दोन्ही फॉर्म एकाच माणसाने एकाच मूडमध्ये भरले की संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. दोन फॉर्ममध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढा. घरकामाचे तास, मुलांची वयं, घरात आजारी माणूस आहे का, हे विचारलं नसेल तर दोनशे मिनिटांचा तुमचा प्रश्न तसाच लोंबकळत राहील.

प्रतिसाद २:
मी बँकेतूनच निवृत्त झालो. शाखेत फॉर्म भरून घेऊ नका हो! पाकिटं द्या, घरून बंद करून आणू देत, खोक्यात टाकू देत. आणखी एक. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. तुमच्या १० विधानांत तिसरी जवळपास नाहीच. मी एकदा जेवणाच्या ताटावरून मुलाला "चला, पुढचे!" म्हणालो होतो. बायको अजून ऐकवते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. पाकिटं आणली, शीर्षकातला 'परिणाम' गेला. काल मी स्वतः १२ विधानं दोनदा भरून पाहिली. दुपारी डबा खाताना आणि रात्री ओटा पुसून झाल्यावर. आकडे जुळले नाहीत. याला मापातला दोष म्हणायचं की नुसतं मी दमले होते म्हणायचं, तेवढं कोणी सांगाल का?