ऑस्प्रे उतरताना पहारा कोणी द्यायचा?

तोफखाना
डिसेंबर २०१३. दक्षिण सुदानमधलं बोर शहर बंडखोरांनी घेतलं होतं आणि आत अमेरिकन नागरिक अडकले होते. त्यांना काढायला जिबूतीहून तीन सीव्ही-२२ ऑस्प्रे गेली. ऑस्प्रे म्हणजे टिल्टरोटर: रोटर वर वळवून हेलिकॉप्टरसारखं उतरतं, पुढे वळवून विमानासारखं उडतं. उतरण्याच्या बेतात असतानाच खालून गोळीबार सुरू झाला. तिन्ही मिळून शंभराहून जास्त गोळ्या लागल्या, आतले चार कमांडो जखमी झाले, इंधन गळू लागलं. वाटेत हवेतच इंधन भरून घेत ती युगांडातल्या एंटेबीला पोहोचली, यात वैमानिकांचं कसब आणि ऑस्प्रेचा दणकटपणा दोन्ही दिसतं. पण इतक्या लांब त्यांच्यासोबत येऊ शकेल असं एकही अटॅक हेलिकॉप्टर अमेरिकेकडे नव्हतं, हे मला जास्त खटकतं.

२४ सैनिक घेऊन ऑस्प्रे ताशी ४५० किमीच्या आसपास जातं. मरीन कोअरचं अटॅक हेलिकॉप्टर एएच-१झेड तीनशेच्या आतच रमतं. म्हणजे एकतर ऑस्प्रेने हळू उडायचं, किंवा एकट्याने पुढे जायचं. ही अडचण नवी नाही. व्हिएतनाममध्ये रॉकेटं आणि मशिनगन लादलेली ह्युई हेलिकॉप्टरं, म्हणजे गनशिप, सैनिक नेणाऱ्या ह्युईंच्या मागे पडायची. म्हणून तर १९६७ मध्ये खास हल्ल्यासाठी बनवलेलं कोब्रा आलं, एएच-१झेड हे त्याचंच आजचं रूप. ऑस्प्रे २००७ मध्ये इराकला गेलं, त्याचा कोब्रा अजून आलेला नाही. माझं ठाम मत: तितक्याच वेगाचा सशस्त्र सोबती हवा.

सागरवारा
असहमत. एस्कॉर्ट (सशस्त्र सोबत) म्हणजे पंखाला पंख लावून उडणं, ही कल्पनाच सोडायला हवी. मार्च २०११, लिबिया. बेंगाझीजवळ अमेरिकेचं एफ-१५ई लढाऊ विमान पडलं. कीअरसार्ज जहाजावरून एमव्ही-२२ (मरीन कोअरची ऑस्प्रे) निघाली, वर हॅरिअर जेट आधीच होती आणि त्यांनी ५०० पौंडी बॉम्बही टाकले. वैमानिक सुखरूप परत आला. जेटनी आधी जाऊन जागा राखायची, ऑस्प्रेने मागून वेगात येऊन उतरायचं. अंतर कमी असेल तर कोब्रा तासभर आधी निघू शकतात. वेग हेच ऑस्प्रेचं चिलखत आहे, शत्रूला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

प्राजक्ता_प
वेगाचं चिलखत नेमकं शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गळून पडतं, सागरवारा. रोटर वर वळवले की ऑस्प्रे हे एक मोठं, संथ हेलिकॉप्टर असतं. त्यातही ते झपकन खाली येऊ शकत नाही. वेग ताशी ७५ किमीच्या खाली गेला की मिनिटाला ८०० फुटांहून जास्त उतरायचं नाही, अशी मर्यादा आहे. ही मर्यादा मोडली तर एका बाजूचा रोटर आपल्याच हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि विमान कलंडतं. २००० साली ॲरिझोनातल्या मराना इथे असंच होऊन १९ मरीन गेले.

आणि मुख्य बंदूक कुठे? मागच्या रॅम्पवर. म्हणजे ज्या दिशेने आपण उतरतोय तिकडे मारा करायला काहीच नाही. पोटाखाली फिरती मशिनगन बसवून पाहिली, पण तिचं वजन सैनिकांच्या वाट्यातून जायचं, म्हणून ती फारशी रुळली नाही. वरचं जेट भिंतीआडचा एक बंदूकधारी शोधून टिपू शकतं का? आपली माणसं उतरल्यावर शंभर मीटरवर ५०० पौंडी बॉम्ब टाकणार का? तिथे खाली घुटमळणारी, तोफ रोखलेली गनशिपच लागते.

घाटवाट
तिघंही जागेची निवड विसरताय. श्रीलंकेतलं जाफना आठवा, ऑक्टोबर १९८७. विद्यापीठाच्या मैदानावर सैनिक घेऊन आपली एमआय-८ हेलिकॉप्टरं उतरली. एलटीटीईने रेडिओ संदेश ऐकून आधीच मोर्चे लावले होते. १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जेमतेम ३० जवान उतरू शकले, त्यातला एकच वाचला. योजनाच फुटली असेल तर कितीही वेगवान एस्कॉर्ट काय करणार? बोरमध्येही दुसऱ्या दिवशी बोलणी करून, साध्या हेलिकॉप्टरांनी लोक बाहेर आले. पैसा टेहळणीत घाला.

तोफखाना
घाटवाट, जाफन्याचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं. एमआय-८ना इतके मार बसले की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि उतरलेले जवान एकटे पडले. मारा करणारी एमआय-२५ हेलिकॉप्टरं त्यानंतर आली. खबर चुकणारच, युद्धात ती चुकतेच. चुकल्यावर पुढची फेरी आत जाऊ शकेल का, हे एस्कॉर्टवर ठरतं.

सागरवारा
मग अमेरिकी लष्कराचा निर्णय बघा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी बेलचं व्ही-२८० टिल्टरोटर निवडलं, ऑस्प्रेइतकंच वेगवान. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या सशस्त्र टेहळणी हेलिकॉप्टरचा फारा प्रकल्प बंद केला, दोनेक अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर. युक्रेन पाहून त्यांनी ठरवलं की पुढे ड्रोन जातील.

प्राजक्ता_प
ड्रोन पुढे जाऊन दाखवेल, एखाद-दोन ठिकाणी फुटेलही. पण रॅम्पवरून २४ जण धावत बाहेर पडताना तीन बाजूंनी गोळ्या येत असतील, तर त्या तिन्ही बाजूंना सलग पाच मिनिटं मान वर काढू न देणं हे काम आहे. आज ते अपाचे हे अटॅक हेलिकॉप्टर करतं, आणि अपाचे व्ही-२८०च्या निम्म्या वेगाने पोहोचतं. हे काम ड्रोनच्या थव्याला जमतं असं कोणी सरावात करून दाखवेपर्यंत फारा बंद करणं मला घाईचं वाटतं.

घाटवाट
मग एलझेड (उतरण्याची जागा) लांब ठेवा आणि पाच किलोमीटर चाला. ऑस्प्रेचा पल्ला तेवढ्याचसाठी आहे.

तोफखाना
बोरमध्ये म्हातारी माणसं आणि मुलं असती तर त्यांना पाच किलोमीटर कोणी चालवलं असतं?