स्वेरे फेन यांचे काम कोठून पाहायला सुरुवात करावी?

प्रश्न : नॉर्वेचे वास्तुविशारद स्वेरे फेन (१९२४–२००९) यांना १९९७ साली वास्तुकलेसाठीचे प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, यापलीकडे मला फारसे ठाऊक नाही. त्यांच्या कोणत्या इमारतीपासून अभ्यासाला सुरुवात करावी?

प्रतिसाद १ : निःसंशय नॉर्वेतील हामार या गावच्या संग्रहालयापासून. तेथे मध्ययुगीन बिशपच्या गढीच्या अवशेषांवर पुढे शेतीचे कोठार उभे राहिले होते. फेन यांनी त्यातून काँक्रीटचा चढउताराचा मार्ग असा अधांतरी नेला की, पाहणाऱ्याचे पाऊल उत्खननाच्या जागेला लागतच नाही. पडक्या भिंतींतील भगदाडे त्यांनी बुजवली नाहीत, की चौकोनी करून घेतली नाहीत. त्यांवर सपाट काच बसवली, त्यामुळे दगडाची तुटकी कड जशीच्या तशी दिसते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणून सिमेंट फासणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

प्रतिसाद २ : मी व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या आवारातील नॉर्डिक दालन (१९६२), म्हणजे स्वीडन, नॉर्वे व फिनलंड यांचे प्रदर्शन-दालन, आधी सुचवेन. छतात काँक्रीटच्या पातळ, उंच तुळयांचे दोन थर एकमेकांवर काटकोनात ठेवले आहेत; दक्षिणेचे प्रखर ऊन त्यांत अडते आणि खाली उत्तरेकडच्यासारखा मवाळ प्रकाश पोहोचतो. जागेवरची झाडे न तोडता छतातून वर जाऊ दिली, हे विशेष.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ही साधेपणाची दृष्टी त्यांना कोठून मिळाली असावी?

प्रतिसाद १ : १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मोरोक्कोत लोकांची पारंपरिक मातीची घरे पाहिली, त्यानंतर पॅरिसमध्ये फ्रेंच रचनाकार झाँ प्रूव्हे यांच्याकडे काम केले. माझ्या मते मोरोक्कोचे पारडे जड आहे.