बॅटरीवाले कॅमेरे: "सहा महिने बघायला नको" म्हणाला होता दुकानदार (अनुभव धागा)

नौपाड्याची लेक:
सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली आहे. बी विंगमधून सायकल गेली, आणि ज्यांच्या दारावर कॅमेरा आहे ते म्हणतात, बॅटरी उतरली होती हो. वाचलं आणि नौपाड्यातलं आईबाबांचं जुनं घर आठवलं. तिसरा मजला, दाराबाहेर प्लगपॉइंट नाही, म्हणून बॅटरीवाला कॅमेरा घेतला होता. खोक्यावर सहा महिने. प्रत्यक्षात दर थोड्या दिवसांनी बाबा स्टुलावर आणि आई स्टूल धरून खाली, "अहो, जपून!" बॅटरी खराब म्हणून कंपनीकडून बदलून घेतली, तरी तेच. मग उलगडा झाला. दादा पुण्याला ऑफिसात लाइव्ह लावून फोन टेबलावर उभा करून ठेवायचा, दिवसभर. आईबाबांची काळजी, दुसरं काय. पण हे कॅमेरे एरवी झोपलेले असतात, कोणी आलं की उठून दहा-वीस सेकंद रेकॉर्ड करायचं आणि परत झोपायचं, या हिशोबावर ते सहा महिने छापलेले. त्याला झोपूच दिलं नाही तर काय होणार! आता हे दादाला सांगायचं कोणी, यावर घरात जे झालं तो वेगळा धागा होईल.
तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. ठाणे-नवी मुंबईकरांनी तर लिहाच.

लिफ्टसमोर:
घोडबंदर रोड. आमचं दार बरोब्बर लिफ्टसमोर, मजल्यावर आठ फ्लॅट. दूध, पेपर, कचरा, कुत्रे फिरवणारे, रात्री अकराला बिर्याणी घेऊन येणारी पोरं. ॲपमध्ये झोन, म्हणजे कॅमेऱ्याने लक्ष ठेवायचा भाग, आखून लिफ्ट कापून टाकली. नोटिफिकेशन यायची थांबली, बॅटरी मात्र पहिल्यासारखीच उतरतेय. का ते कोणी सांगेल का?

कोपरीचा पक्या:
रात्री अकराला बिर्याणी? कोणाकडे येते? मी पण येतो

कळव्याचा वायरमन:
लिफ्टसमोर, तुमचा झोन फक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॅमेऱ्याच्या पुढे दुधी रंगाची छोटी भिंगासारखी काच दिसते ना, त्यामागे पीआयआर सेन्सर असतो. समोर अंगाची उष्णता हलली की तो कॅमेऱ्याला उठवतो. उठल्यावर कॅमेरा चित्र तपासतो, झोनबाहेरचं आहे म्हणून गप्प बसतो. तुम्हाला नोटिफिकेशन नाही, पण उठण्यात चार्ज गेलाच. बऱ्याच मॉडेलमध्ये हे असंच आहे. कॅमेरा असा फिरवा की लिफ्ट सेन्सरच्या टप्प्यातच येणार नाही. जमत नसेल तर सेन्सरच्या त्या बाजूवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. आणि दोन क्लिपमधली वेळ वाढवा, ती बहुतेक सगळ्यात कमीवर असते.
अजून एक. आडव्या जाणाऱ्या माणसाला हा सेन्सर पटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणाऱ्याला उशिरा. पॅसेजमध्ये समोरून जाणारे सगळे आडवेच जातात.

लिफ्टसमोर:
टेप!! कस्टमर केअरवाला मला तीनदा ॲप उडवून परत टाकायला लावत होता. संध्याकाळी करतो.

ऐरोलीची माई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्याकडे कोळी. खाडीजवळ म्हणून किडे फार, किड्यांमागे कोळी, आणि त्या मेल्याला जाळं विणायला जागा कुठली तर कॅमेऱ्याचं तोंड. रात्रभर क्लिपा. उघडून बघावं तर पांढरे भले मोठे पाय. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघून किंचाळल्याच होत्या. आता शनिवारी जाळी काढताना तिथेही कुंचा फिरवते

सानपाडा फास्ट:
कोणी वायफायबद्दल लिहिलंच नाही अजून? आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, कॅमेरा सेफ्टी डोअरच्या बाहेर. मध्ये दोन भिंती आणि ते लोखंडी दार. ॲपमध्ये सिग्नल उणे ८१ दाखवायचा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार). उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला की कॅमेरा तोच तुकडा परत परत पाठवत बसतो, त्याचा वायफायचा रेडिओ बंदच होत नाही. राउटर पॅसेजच्या भिंतीला आणला, फरक लगेच दिसला. २.४ गीगाहर्ट्झवरच ठेवा, ५ वालं भिंतीत मरतं.
आणि लाइट गेली की राउटर बंद, मग काही कॅमेरे वायफाय शोधत बसतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून टाका, वर्क फ्रॉम होमलाही उपयोग होतो.

कोपरीचा पक्या:
बायको म्हणते राउटर टीव्हीमागेच बरा, दिसायला नको

सानपाडा फास्ट:
माझीही तेच म्हणाली. आता वर तोरण लावलंय त्याच्या.

निवृत्त मास्तर:
सोलर पॅनेलविषयी कोणी लिहिलेले दिसले नाही म्हणून लिहितो. आमचे घर ठाणे पूर्वेस, गॅलरी दक्षिणेकडे. मुलाने कॅमेऱ्याला सोलर पॅनेल जोडून दिले व म्हणाला, बाबा आता चार्जिंग विसरा. डिसेंबरात खरोखर विसरलो. मे महिन्यात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, बॅटरी रोज खाली! मुलगा म्हणे पॅनेल बिघडले. मी त्यास गॅलरीत उभे करून दाखवले. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. साधारण १५ मे च्या सुमारास व पुन्हा जुलैअखेरीस माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. मधल्या काळात तर तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. मग वरच्या मजल्याचा स्लॅब असलेल्या दक्षिण गॅलरीत ऊन येणार कोठून? डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, म्हणून ऊन थेट दिवाणखान्यापर्यंत येते. त्यानंतर जूनमध्ये ढग. म्हणजे मे ते सप्टेंबर पॅनेल शोभेचे. या काळात वायरने चार्ज करणे आले. चाळीस वर्षे भूगोल शिकवला, घरात पहिल्यांदा उपयोगी पडला.

नौपाड्याची लेक:
मास्तर, दंडवत! आम्हाला हे असं शाळेत का नाही शिकवलं कोणी

खारघरचा वारा:
सोलरवर धूळ पण बसते हो. समोर टॉवरचं काम सुरू आहे, पॅनेल आठवड्यात पिठासारखं पांढरं. ओल्या फडक्याने पुसायचं.
आमचा कॅमेरा गच्चीवर. चोरासाठी नाही, पापडांसाठी. कबुतरं!! कबूतर आलं की कॅमेरा उठतो, क्लिप येते, मी धावत वर, तोवर ते उडालेलं, खाली आले की परत. दुपारपर्यंत बॅटरीही संपली आणि माझे गुडघेही.

ऐरोलीची माई:
जुनी जाळीची साडी पसर गं वरून. आणि पापड कसले, पोह्याचे का?

खारघरचा वारा:
पोह्याचे आणि नाचणीचे. नाचणीचे यंदा तडकले जरा.

कोपरखैरणे सेक्टर:
बॅटरी बदलायची असेल तर सावध. माझ्या कॅमेऱ्यात १८६५० चे सेल आहेत, ते बोटाएवढे जाडे. बाजारातून स्वस्त आणले, त्यावर ९९०० एमएएच (किती चार्ज मावतो तो आकडा) छापलेलं. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपासच असतात, ९९०० निव्वळ थाप. हातात घेतले तर मूळ सेलपेक्षा हलके लागले. मेव्हण्याकडे मोजायचं यंत्र आहे, त्यावर हजारसुद्धा भरले नाहीत. दुकानदार म्हणतो, साहेब, छापलंय ना त्यावर.

कळव्याचा वायरमन:
हे रोज बघतो. वजन बघा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पश्चिमेच्या उन्हात तापणारा कॅमेरा असेल तर दुपारी चार्जिंगला लावू नका, ४५ अंशांच्या वर लिथियम सेलचं आयुष्य घटतं, काही कॅमेरे तापले की चार्जिंग स्वतःच बंद करतात. लोक म्हणतात चार्जर बिघडला. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. परवा एकाने घरच्या घरी चाकूने उघडून बघितली. नशीब, नुसता धूर झाला.
खाडीकडच्या घरात चार्जिंगची पिनही बघा, हिरवी पडते. पावसात रबराचं झाकण उघडं ठेवलं की संपलं.

येऊरचा शेजारी:
आमच्याकडे येऊरला बिबट्या येतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून अंगणात कॅमेरा. रोजच्या क्लिपा: वाऱ्याने हलणारं केळीचं पान, वानरं, शेजारचा बोका. त्या पानावर ऊन पडून ते तापतं आणि हललं की सेन्सर उठतो. पानं छाटीन छाटीन म्हणत राहिलो. एका सकाळी उठून बघतो तर चिखलात ठसा, हा एवढा. धावत ॲप उघडलं. शेवटची क्लिप आदल्या संध्याकाळची, केळीचं पान, त्यानंतर बॅटरी शून्य.

कोपरीचा पक्या:
😂😂 बोका असेल

येऊरचा शेजारी:
नखं नव्हती उमटलेली म्हणून कुत्रा नाही, आणि बोका एवढा असेल तर तोही बिबट्याच म्हणायचा.

शांत रहिवासी:
विषयाला सोडून आहे, पण समोरच्यांचा कॅमेरा सरळ आमच्या दारात बघतो. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना आधी माहीत. यावर काय करावं?

लिफ्टसमोर:
गोडीने सांगा की आमच्या दाराकडून फिरवलात तर तुमची बॅटरी दुप्पट चालेल. बॅटरीवर बोललं की लोक ऐकतात.

शांत रहिवासी:
त्यांचा वायरवाला आहे हो.

कळव्याचा वायरमन:
मग आधी सोसायटीला लेखी द्या. आणि बहुतेक ॲपमध्ये चित्रातला ठराविक भाग काळा करता येतो, तुमच्या दाराएवढा त्यांना करायला सांगा.

नौपाड्याची लेक:
बी विंगची सायकल सापडली बरं का. वॉचमनने पंक्चर काढायला नेली होती, सांगायचं राहिलं म्हणे.

ऐरोलीची माई:
घ्या! खारघर, नाचणीच्या पापडात खार किती घातलास ते लिही, तडकतात म्हणजे तिथेच काहीतरी बिनसलंय.