मदत हवी आहे: मीटिंगमध्ये बोलायचं धाडस कसं करावं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) क्वालिटीचं काम बघते. काम चांगलं येतं. पण सकाळच्या मीटिंगमध्ये आवाजच फुटत नाही. तिथं सगळं कन्नड नाहीतर इंग्रजीत. मी मराठी माध्यमातली, कन्नड बाजारापुरतं. ‘चुकलं तर हसतील’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की वहीत लिहून नेलेलं वहीतच राहतं.

परवा कास्टिंगमधल्या ब्लोहोलवर, म्हणजे ओतलेल्या भागात वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांवर, चर्चा होती. पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओलावा वाढला की तापलेल्या धातूनं त्याची वाफ होते नि आत अडकते. मी मोल्डिंगच्या पोरांना विचारून ओलाव्याच्या रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. तरी गप्प बसले. शेवटी सहकाऱ्यानं तेच सांगितलं, पुढचं काम त्याच्याकडं गेलं. त्याच्यावर राग नाही, पण फार लागलं मनाला.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच कर्तबगार बायकांनाही ‘आपण खरं तर लायक नाही, ते उघडं पडेल’ अशी भीती वाटते असं लिहिलंय, म्हणजे मी एकटी नाही.

मोडक्या कन्नडात बोललेलं चालतं का? की आधी साहेबांना एकटं गाठून नोंदी दाखवू? टिळकवाडीकडं बोलीभाषेतलं कन्नड शिकवणारं कुणी आहे का? यातून गेलेल्या ताई-दादांनी जरूर सांगा.