रेड हॅटचं फुकट डेव्हलपर लायसन्स मिलच्या सर्व्हरवर चालेल का?

डाळमिल_आयटी (जळगाव एमआयडीसी)
नमस्कार मंडळी. तीन सर्व्हर आहेत, तिन्हींवर सेंटओएस ७ (रेड हॅटच्या कोडवरून बनलेलं फुकट लिनक्स). एकावर पोस्टग्रेस डेटाबेस (हिशेब, वजनकाटा, गेटपास), दुसऱ्यावर वेब ॲप्लिकेशन, तिसरा टेस्टिंगला. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ लाच थांबले, आता हलायलाच हवं. रेड हॅट (पैसे घेऊन लिनक्स देणारी कंपनी) हिच्या डेव्हलपर खात्यात १६ मशीन फुकट मिळतात आणि प्रॉडक्शनलाही (रोजच्या खऱ्या कामालाही) चालतात म्हणे. मग पैसे देणाऱ्याला जास्तीचं काय मिळतं? शेठना नेमकं सांगायचंय.

तापीकाठ (भुसावळ)
१६ चा आकडा बरोबर. पण ते खातं माणसाच्या नावावर असतं, फर्मच्या नाही. २०२१ पासून प्रॉडक्शनची मुभा आहे ती त्या माणसाच्या स्वतःच्या कामापुरती. मिलचा हिशेब त्यात बसत नाही. मुदतही एका वर्षाची. दरवर्षी त्यानेच लॉगिन करून अटी मान्य करायच्या. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की तुम्ही अडकलात. मुदत संपल्यावर मशीन चालूच राहतं, फक्त डीएनएफ (अपडेट आणणारा प्रोग्राम) ४०३, म्हणजे परवानगी नाही असा एरर देतं आणि सुरक्षा अपडेट येणं बंद होतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

टेस्टिंगच्या सर्व्हरसाठी कंपन्यांना २०२५ पासून वेगळं फुकट सबस्क्रिप्शन आहे, २५ मशीनपर्यंत. त्यावर प्रॉडक्शन चालवायचं नाही.

पांझरा_रूट (धुळे)
पॅकेजेस (सॉफ्टवेअर) फुकट आणि पैशांच्या दोन्हीकडे तीच, हे शेठना आधी सांगा. पैसे जातात ते फर्मच्या नावच्या हक्काचे आणि तिकिटाला (मदतीसाठी नोंदवलेल्या तक्रारीला) उत्तर देणाऱ्या माणसाचे. स्टँडर्ड प्लॅनमध्ये ऑफिसच्या वेळेत मदत मिळते, प्रीमियममध्ये गंभीर बिघाडाला २४ तास. सर्वात स्वस्त सेल्फ-सपोर्टमध्ये तिकीटच टाकता येत नाही, तो घेऊन फसू नका. एका सर्व्हर सबस्क्रिप्शनमध्ये दोन सॉकेटचं (दोन प्रोसेसर बसणारं) एक मशीन किंवा दोन व्हीएम (एका मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) बसतात. म्हणजे डेटाबेस आणि वेब व्हीएममध्ये नेले तर एकात काम होतं.

रात्री डेटाबेस अडला तर सोडवणारा हाताशी असेल, तर माझ्या मते अल्मालिनक्स ९ (रेड हॅट ९ शी जुळणारं लिनक्स) पुरे. फुकट, प्रॉडक्शनला मोकळं, कुणाच्या खात्याशी बांधलेलं नाही. पुढे गरज पडली तर कन्व्हर्टटूरेल हे रेड हॅटचं टूल वापरून त्याच मशीनवर रेड हॅटला जाता येतं.

डाळमिल_आयटी
डेटाबेसचा सर्व्हर जुना आहे, आयव्ही ब्रिज झिऑन (इंटेलचा जुना प्रोसेसर). सरळ रेड हॅट १० टाकू का?

तापीकाठ (भुसावळ)
नको भाऊ. रेड हॅट १० ला x८६-६४-व्ही३ ही प्रोसेसरची पातळी लागते, म्हणजे इंटेलच्या हॅसवेल पिढीपासून पुढचे प्रोसेसर. एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवून फ्लॅगच्या यादीत एव्हीएक्स२ ही सोय नसेल तर ते बूटच होणार नाही. ९ ला व्ही२ चालतं, तुमचा प्रोसेसर त्यात बसतो. अल्मा १० ची व्ही२ साठी वेगळी बिल्डही मिळते.

पांझरा_रूट (धुळे)
आणि पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करू नका, आवृत्ती तीच असली तरी. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७ आहे; २.२८ मध्ये अक्षरं लावण्याचा क्रम बदलला. जुने टेक्स्ट इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार याद्या) नव्या क्रमाशी जुळत नाहीत: व्यापाऱ्याचं नाव टेबलात असून शोधात सापडत नाही, युनिक कॉलममध्ये दुबार नोंद शिरते. एररही येत नाही. पीजी-डंपने (पोस्टग्रेसची बॅकअप कमांड) डेटा बाहेर काढून नव्या मशीनवर रिस्टोअर करा, इंडेक्स नव्याने बांधले जातात. कॉपीच करावी लागली तर लोकांना आत सोडण्याआधी पूर्ण डेटाबेसवर रीइंडेक्स (इंडेक्स पुन्हा बांधणारी कमांड) चालवा.

रेड हॅट घेतलंत तर व्हीएम क्लोन केल्यावर (तंतोतंत प्रत काढल्यावर) क्लोनमध्ये आधी सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन ही कमांड चालवून जुनी नोंदणी पुसा, मग सबस्क्रिप्शन-मॅनेजर रजिस्टर. नाहीतर दोन्ही मशीन एकाच ओळखीने नोंदली जातात.