सोलरसाठी फेसबुकवरून लीड्स भरपूर येतात, पण छतापर्यंत पोहोचत नाहीत

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सांगली-मिरज परिसरात छतावरील सौरसंच बसवून देण्याचा आमचा लहानसा भागीदारी व्यवसाय आहे आणि पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेच्या नोंदणीकृत विक्रेत्यांमध्ये आमचे नाव आहे. आजवरचे बहुतेक काम एका ग्राहकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे मिळत गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना सुरू झाल्यापासून मात्र गल्लोगल्ली नवे विक्रेते उभे राहिले, म्हणून आम्हीही एका जाहिरात संस्थेकडे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील मोहीम सोपवली.

लीड्स, म्हणजे जाहिरातीतला फॉर्म भरून नाव-फोन देणारे संभाव्य ग्राहक, भरपूर येतात आणि प्रत्येक लीडचा खर्चही दोन अंकी रुपयांतच राहतो. अडचण फोन केल्यानंतर सुरू होते. बऱ्याच जणांना आपण फॉर्म भरल्याचे आठवतच नाही. काही भाडेकरू निघतात, काही सदनिकेत राहणारे असतात, काही जण सोलापूरचे किंवा थेट कर्नाटकातले असतात, आणि उरलेल्यांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न "हे फुकट आहे ना?" असा असतो. जाहिरात संस्थेचे म्हणणे असे की लीडचा दर कमी आहे, त्यामुळे मोहीम यशस्वी आहे. पुढची विक्री हे तुमचे काम. प्रत्यक्षात पाहणीसाठी छतावर चढण्याची वेळ क्वचितच येते.

फॉर्म बंद करून लोकांना थेट व्हॉट्सॲपवर आणावे का, की जाहिरातीतच काही बदलावे? महिन्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, त्यामुळे आधी कुठे हात घालावा हे समजून घ्यायचे आहे.

मीटरखोली

तुमची जाहिरात डोळ्यांसमोर नसली, तरी तिच्यात "मोफत वीज" हे शब्द ठळक अक्षरांत असावेत असा अंदाज बांधतो. शब्द योजनेच्या नावातलेच आहेत हे खरे, पण वाचणारा त्याचा अर्थ "सरकार फुकट पॅनेल बसवून देते" असा घेतो आणि त्याच समजुतीने फॉर्म भरतो. वस्तुस्थिती अशी की घरगुती ग्राहकाला केंद्राचे अनुदान १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळते, तेही संच कार्यान्वित झाल्यानंतर त्याच्या बँक खात्यात. बाकीची रक्कम त्यालाच भरायची असते. तेव्हा जाहिरातीत ३ किलोवॉटचा तुमचा पूर्ण दर, त्यातून वजा होणारे ७८,००० आणि शेवटी ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम हे तिन्ही आकडे स्पष्ट लिहा. तारणाशिवाय बँक कर्ज मिळू शकते, हेही एका ओळीत सांगा. फॉर्मची संख्या घटेल, जाहिरात संस्था कुरकुर करेल, पण जे उरतील त्यांनी किंमत वाचून मगच नाव दिलेले असेल.

दुसरा मुद्दा फॉर्मच्या रचनेचा आहे. फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या फॉर्ममध्ये नाव आणि फोन क्रमांक प्रोफाइलमधून आपोआप भरला जातो. माणूस दोन ठिकाणी बोट टेकवतो आणि पुढच्या रीलकडे वळतो. मग त्याला तुमचा फोन आठवणार कसा? हा फॉर्म तयार करताना जास्त संख्येचा आणि जास्त उत्सुक ग्राहकांचा असे वेगवेगळे प्रकार निवडता येतात. दुसऱ्या प्रकारात पाठवण्याआधी आपली माहिती पुन्हा तपासण्याची एक पायरी वाढते आणि चुकून पाठवले गेलेले बरेचसे फॉर्म तिथेच गळतात. त्याशिवाय स्वतः उत्तर द्यावे लागेल असे तीनच प्रश्न ठेवा: घर स्वतःचे आहे का, छत स्लॅबचे आहे की पत्र्याचे, आणि मागच्या महिन्याचे वीजबिल किती आले. उत्तरानुसार पुढचा पडदा बदलण्याची सोय आहे, त्यामुळे "भाड्याने राहतो" असे उत्तर देणाऱ्याला आभाराचा संदेश दाखवून तिथेच थांबवता येते आणि त्याची लीड तुमच्या यादीत येतच नाही.

जाहिरात संस्थेशी जो वाद आहे त्याचे मूळही इथेच आहे. यंत्रणेला तुम्ही "फॉर्म भरणारे शोध" असे सांगितले आहे आणि ती इमानेइतबारे तेच करते. कोणताही फॉर्म सहज भरणारी माणसे तिला बरोबर ठाऊक असतात. म्हणून करार लीडच्या दरावर ठेवू नका, प्रत्यक्ष झालेल्या पाहणीच्या दरावर ठेवा. दर सोमवारी कोणत्या लीडची पाहणी झाली आणि कोणती निकामी निघाली याची यादी त्यांना द्या. ही माहिती ग्राहकनोंदीच्या प्रणालीतून मेटाकडे, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीकडे, परत पाठवता येते, आणि पुढच्या जाहिराती त्यानुसार दाखवल्या जाव्यात अशी व्यवस्थाही करता येते. हे काम त्यांना जमत नसेल, तर ते नेमके कशाचे पैसे घेतात हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

उन्हाचा_हिशेब

वरील प्रतिसादातील किंमत लिहिण्याच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, मात्र फॉर्मपेक्षा व्हॉट्सॲपकडे माझा कल अधिक आहे. आमच्या व्यवसायात, आणि तो तुमच्याच व्यवसायाचा सख्खा शेजारी आहे, जो माणूस महावितरणच्या बिलाचा फोटो पाठवतो तीच खरी लीड मानली जाते. नाव आणि फोन क्रमांक देणे सोपे असते. कपाटातून बिल शोधून, त्याचा फोटो काढून पाठवण्याइतका त्रास गरज असलेलाच माणूस घेतो. म्हणून जाहिरातीवरून संवाद सुरू झाला की जाणारा पहिला संदेश साधारण असा ठेवा: "नमस्कार. तुमच्या घराला किती किलोवॉटचा संच लागेल आणि महिन्याला किती बचत होईल हे आम्ही बिलावरून काढून देतो. कृपया ताज्या वीजबिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवावा." एवढेच. माहितीपत्रक नको, कारखान्याचा व्हिडिओ नको.

त्या एका फोटोतून काय काय कळते ते पाहा. मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, मागील महिन्यांचा युनिटमधील वापर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल कोणाच्या नावावर आहे. आपल्याकडे निम्म्या जुन्या घरांची बिले अजून दिवंगत आजोबांच्या नावावर येतात, आणि अर्जदाराचे नाव जुळत नसल्यामुळे योजनेचा अर्ज तिथेच अडकतो. ही गोष्ट पाहणीच्या दिवशी लक्षात आली तर ग्राहक "नंतर बघू" म्हणून गप्प बसतो. पहिल्याच दिवशी लक्षात आली, तर "नावबदलाचा अर्ज आम्ही भरून देतो" असे सांगून काम आपल्याच हातात ठेवता येते. १ किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतो, त्यामुळे मागील वापरावरून संचाची क्षमता काढायला पाच मिनिटे पुरतात. आलेल्या फोटोला तासाभरात त्या घराचा स्वतंत्र हिशेब मिळाला, तर ग्राहक दुसऱ्या विक्रेत्याकडे विचारपूस करायच्या आधीच तुमच्याशी बोलायला लागतो.

त्यामुळे फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला माणूस नसेल त्या वेळी जाहिरात चालवण्यात अर्थ नाही. रात्री अकराला आलेल्या चौकशीला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेले तर ती गेलीच असे समजावे.

एक तांत्रिक बाब. मोबाइलवरील व्हॉट्सॲप बिझनेस हे विनामूल्य ॲप वापरत असाल तर लेबले लावून काम भागेल: "बिल आले", "पाहणी ठरली", "अनुदान अर्ज", "नेटमीटर बाकी" (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर). संगणकाला जोडलेली मोठी प्रणाली घेतलीत, तर ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंतच मोकळेपणाने लिहिता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक नमुनाच पाठवावा लागतो आणि त्याला सहसा शुल्क पडते. तुमच्या आकाराच्या व्यवसायाला सध्या साधे ॲप पुरेसे आहे. आणि कुठूनतरी विकत घेतलेल्या क्रमांकांच्या यादीवर संदेश पाठवण्याचा मोह टाळा. लोक तक्रार नोंदवतात आणि व्यवसायाचा क्रमांकच बंद पडतो.

गच्चीवरून

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण एका बाबतीत वेगळे मत नोंदवतो. चाळणी इतकी बारीक करू नका की काही उरणारच नाही. जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकून मेटाची यंत्रणा स्थिर होण्यासाठी एका जाहिरात संचाला (एकाच प्रेक्षकवर्गासाठी लावलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्याला सुमारे ५० परिणाम, म्हणजे इथे भरलेले फॉर्म, मिळणे अपेक्षित असते. सांगली-मिरजेएवढ्या परिसरात, मर्यादित खर्चात, तालुक्यागणिक वेगळा जाहिरात संच आणि प्रत्येक फॉर्ममध्ये डझनभर प्रश्न असे केलेत तर हा आकडा कोणत्याच संचाला गाठता येणार नाही आणि सगळेच अर्धवट शिकत राहतील. एकच जाहिरात संच ठेवा, त्यात दोन-तीन वेगवेगळे व्हिडिओ द्या आणि दर दोन दिवसांनी त्यात हात घालू नका.

कर्नाटकातील लीड्सचे कोडे मात्र सोपे आहे. ठिकाण निवडताना मेटा तिथे राहणाऱ्यांबरोबर तिथे नुकत्याच येऊन गेलेल्यांनाही धरते. मिरज हे रेल्वेचे जंक्शन आणि त्याहूनही मोठे म्हणजे दवाखान्यांचे गाव. सीमेपलीकडून रोज किती माणसे उपचारासाठी येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. नातेवाईक रुग्णालयाच्या बाकावर बसून मोबाइल पाहत असतो आणि त्याला तुमची जाहिरात दिसते. नकाशावरचे वर्तुळ लहान करून हे पूर्ण थांबणार नाही. फॉर्ममध्ये तालुका निवडायला लावणे हाच उपाय.

बिलाच्या रकमेबाबतही सावध करतो. कमी बिलाचे ग्राहक सरसकट गाळू नयेत, कारण महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्यांसाठी राज्य शासनाने केंद्राच्या अनुदानावर स्वतःची भर घालणारी "स्मार्ट" योजना आणली आहे. त्यांची यादी वेगळी ठेवा, एवढेच. उलट ३०० युनिटच्या वर जाणारे घर हे तुमचे सर्वांत पक्के गिऱ्हाईक, कारण महावितरणच्या दरात १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यानंतर युनिटचा भाव चढत जातो आणि बचतीचा आकडा तिथेच डोळ्यांत भरतो.

जाहिरातीतील चित्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. अनेक विक्रेते पंतप्रधानांचे छायाचित्र आणि राजमुद्रा लावून जाहिरात करतात, जणू शासनाचीच घोषणा असावी. व्यापारी कामासाठी पंतप्रधानांचे नाव किंवा चित्र वापरण्यावर १९५० च्या कायद्याने बंधन आहे, आणि राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. कारवाईची भीती बाजूला ठेवली, तरी असल्या जाहिरातीमुळेच "फुकट आहे ना?" विचारणारी मंडळी वाढतात. त्याऐवजी तुम्ही बसवलेल्या खऱ्या छताचा व्हिडिओ टाका, ग्राहकाच्या परवानगीने. त्यात पॅनेल कमी आणि नेटमीटरचा पडदा जास्त वेळ दाखवा. घेतलेली वीज, दिलेली वीज, आणि शेजारी आधीचे व आताचे बिल. घरमालकीणबाई स्वतःच्या शब्दांत मिक्सर-गीझरचे सांगत असतील तर उत्तमच. असा व्हिडिओ त्या कॉलनीच्या फेसबुक गटात गेला की चौकशा पैसे न भरता येतात, आणि त्यांची गुणवत्ता सशुल्क लीड्सपेक्षा कितीतरी चांगली असते.

दोन किरकोळ गोष्टी: जाहिरात खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला आहे का ते पाहा, कारण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के कर लागतो आणि क्रमांक नसेल तर त्याची वजावट घेता येत नाही. आणि खाते जाहिरात संस्थेच्या नावावर नाही ना, याची खात्री करा. आलेल्या लीड्स मेटाकडून ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात. संस्था सोडलीत तर यादी तिच्याकडेच राहायची.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खाते जाहिरात संस्थेच्याच नावावर आहे, ते आजच तपासले. बदलून घेण्याचे बोलणे सुरू केले आहे. मिरजेच्या दवाखान्यांचे कारण आमच्या ध्यानातच आले नव्हते. किंमत लिहिलेली जाहिरात आणि बिलाच्या फोटोचा संदेश असे दोन्ही एकत्र करून पाहतो.

एक पुढची शंका. विश्रामबाग भागात अपार्टमेंट पुष्कळ आहेत. सदनिकाधारकांच्या लीड्स आम्ही आजवर सोडून देत आलो. गृहनिर्माण संस्थांसाठी याच पद्धतीने वेगळी मोहीम चालवावी का?

उन्हाचा_हिशेब

मोहीम चालवू नका, पण त्या लीड्स फेकूही नका. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र तिथला निर्णय कार्यकारिणी आणि सर्वसाधारण सभा घेते, एकटा फॉर्म भरणारा नव्हे. त्यामुळे फॉर्म भरलेल्या सदनिकाधारकाकडे संच विकायचा प्रयत्न न करता, संस्थेचे सामाईक बिल आणि सचिवांचा संपर्क मिळवून देण्याची विनंती करा. मग त्या बिलावरून एका पानाचा हिशेब तयार करा: सध्याचे वार्षिक बिल, संचाचा खर्च, अनुदान, आणि प्रत्येक सदनिकेच्या देखभाल शुल्कात होणारी घट. शेवटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत हवा, कारण सभेत चर्चा त्याच्यावरच होते. हे पान संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात सचिवांनी टाकायला हवे. तुम्ही टाकलेत तर ती जाहिरात ठरेल. सभा बहुधा सप्टेंबरच्या आत होतात, तेव्हा सचिवांना पान जुलैमध्येच द्या, म्हणजे विषय कार्यक्रमपत्रिकेवर येईल.